मिरचीच्या दुकानातलं जुनं सामान आणि विंडोज ११: कामाच्या नोंदी

मामांचं नागपूरच्या इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला, मिरची-हळद-धण्याचं ठोक दुकान आहे. तिथला संगणक विंडोज ७ चा, तोही ३२ बिटी. यंदा त्याची हार्डडिस्क कटकटायला लागली आणि बिलिंगवाल्यांनी कळवलं की पुढची आवृत्ती यावर चालणार नाही. दिवाळीनंतर नवा मिनी पीसी घेतला: विंडोज ११ प्रो, ८ जीबी रॅम, २४,५०० रुपये. जेवणाच्या डब्यात जाईल एवढा. मागे जुन्या वस्तूंच्या तारा लावायचे पोर्ट नाहीत: सिरियल नाही, पॅरलल नाही.

त्याला जोडायचं सामान असं: एचपी लेझरजेट १०२०, कॅननचा लाइड २० स्कॅनर (हमाली-भाड्याच्या पावत्या सीएकडे पाठवायला), टीव्हीएसचा एमएसपी २५० डॉट मॅट्रिक्स (कार्बन कॉपीच्या बिलांसाठी) आणि गोदामातला इलेक्ट्रॉनिक काटा, ज्याचं वजन यूएसबी-सिरियल केबलीतून थेट बिलात येतं. चारही वस्तू धडधाकट. “चालून तं राहिलं सगळं, मग बदलू काहून?” असं मामा म्हणाले. खरंच होतं ते.

मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. एका रविवारात आटपेल म्हणाले होते. महिना गेला. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहून ठेवते.

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

दुकान बंद झाल्यावर साडेआठला सुरुवात. सगळ्या यूएसबी तारा एकदम नव्या पीसीत खोचल्या. ही पहिली चूक, कारण मग पडद्यावरच्या वस्तूंच्या यादीत अडचणीची कुठली पिवळी खूण कुणाची ते कळेना. दुसरी चूक त्याहून मोठी.

स्कॅनरचं नाव आणि पुढे ‘विंडोज ११ ड्रायव्हर’ (वस्तूला विंडोजशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जी साइट आली तिथे आपल्या स्कॅनरच्या फोटोखाली हिरवं बटण. फाइलला नावही स्कॅनरचंच. आकार जेमतेम ३ एमबी. स्कॅनरचं पूर्ण पॅकेज एवढंसं कसं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. दिवसभर प्रयोगशाळेत उभी होते, भूक लागली होती, अ‍ॅडमिनची परवानगी मागणारी खिडकी आली आणि मी ‘हो’ दाबलं.

आलं काय? ड्रायव्हर नाहीच. ‘तुमच्या संगणकात १७ ड्रायव्हर जुने आहेत’ असं लाल अक्षरात ओरडणारा एक कार्यक्रम. तोवर एकही बाहेरचा ड्रायव्हर टाकलेला नसलेल्या, आठवड्याभराच्या मशीनवर १७! दुरुस्तीचे पैसे मागत होता. ब्राउझरचं पहिलं पानही बदललेलं. दोन मिनिटांनी विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने इशारा दिला.

विद्यार्थ्यांना वर्षातून चारदा मी सांगते, अनोळखी एक्झी फाइल चालवू नका म्हणून.

रविवार, २३ नोव्हेंबर

काढून टाकता आलं असतं. पण ज्याला अ‍ॅडमिनचे हक्क दिले त्याने आत काय काय ठेवलं याची खात्री कोण देणार, आणि याच मशीनवर मामांची बँक उघडते. घरच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने पेन ड्राइव्ह बनवला, पीसी पुसून विंडोज पुन्हा टाकलं. अपडेटांसकट पाच तास. मामींनी पाठवलेले तर्री पोहे गार झाले.

मग शांतपणे, एकेक वस्तू जोडून, कागदावर लिहून घेतलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या वस्तूंची विंडोजची यादी) वस्तूवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी. व्हीआयडीपुढचे चार आकडे कंपनीचे, पीआयडीपुढचे चार वस्तूचे. आमचे असे निघाले:

लेझरजेट: ०३एफ० आणि २बी१७
स्कॅनर: ०४ए९ आणि २२०डी
काट्याची केबल: ०६७बी आणि २३०३

डॉट मॅट्रिक्स पॅरलल, त्याची गोष्ट पुढे.

पूर्ण कामातली कामाची गोष्ट हीच एवढीशी चिठ्ठी. डब्यावरच्या नावाने शोधलं की जाहिराती येतात. या आकड्यांनी शोधलं की आत चिप कुठली आहे ते कळतं. केबलीवर तर नावच नव्हतं.

स्वतःसाठी क्रमही ठरवला. आधी विंडोज अपडेटमधले पर्यायी ड्रायव्हर. तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचा अपडेट कॅटलॉग. मग वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं पान. तिन्हीकडे नसेल तर तो ड्रायव्हर या मशीनवर टाकायचाच नाही, वस्तूचं दुसरं काहीतरी बघायचं. शिवाय दर वेळी झाल्यावर विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘मेमरी इंटिग्रिटी’ (विंडोजच्या गाभ्यात धोक्याचे ड्रायव्हर शिरू न देणारी सोय) चालूच आहे ना, हे पाहायचं. जुना, अडचणीचा ड्रायव्हर बसला की बहुतेक वेळा तिथेच तक्रार दिसते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

लेझरजेट वीस मिनिटांत झाला. तार लावली, विंडोजने अपडेटमधून ड्रायव्हर स्वतः आणला, चाचणीचं पान निघालं. या प्रिंटरची एक खोड सांगून ठेवते: याला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतलं चालवणारं सॉफ्टवेअर, लक्षात राहत नाही. दर वेळी सुरू केला की संगणक ते त्याच्यात भरतो, मग तो गरगरतो आणि तयार होतो. त्यामुळे कुठलाही साधा-सर्वसाधारण ड्रायव्हर याला चालत नाही, आणि गरगर ऐकू आली नाही तर आधी तार बघायची.

इथेच थांबले असते तर बरं होतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ दिसला. परवाचा चटका ताजा, ‘प्रोटेक्टेड’ शब्द गोड वाटला, चालू केला. लेझरजेट यादीतून गायब! या मोडमध्ये विंडोज बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर ठेवतच नाही. फक्त स्वतःच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालणारे नवे प्रिंटर ठेवतं. मोड बंद केला तरी प्रिंटर आपोआप परतला नाही.

मग कॅटलॉगमधून ड्रायव्हरची कॅब ही गाठोडं-फाइल उतरवली, उघडली, प्रिंटर जोडताना ‘हॅव डिस्क’मधून आतली आयएनएफ (ड्रायव्हर कुठल्या वस्तूचा ते सांगणारी फाइल) दाखवली. एक तास गेला, पण ती कॅब आता पेन ड्राइव्हवर जपून ठेवली आहे. बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर-ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं हळूहळू बंद करणार, असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय. आज मिळतोय तो उतरवून ठेवलेला बरा.

रविवार, ३० नोव्हेंबर

काटा.

केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि वस्तूच्या नावाच्या जागीच चक्क निरोप: पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद, पुरवठादाराला विचारा. पुरवठादार म्हणजे बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) फुटपाथवरचा कुणीतरी, सात-आठ वर्षांपूर्वीचा.

भानगड अशी. प्रोलिफिकच्या या जुन्या चिपच्या नकला बाजारात खूप झाल्या. कंपनीने चिप बंद केली आणि पुढच्या ड्रायव्हरांनी ती स्वीकारणंही बंद केलं. मग केबल अस्सल जुनी असो वा नकली, दोन्ही बाहेर. आमची कुठली ते मला सांगता येणार नाही आणि आता फरकही पडत नाही. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा ड्रायव्हर याच्याही पुढे गेला होता: नकली चिप दिसली की तिचा पीआयडी शून्य करून टाकायचा. कितीतरी लोकांच्या केबली एका अपडेटमध्ये मुक्या झाल्या.

याच्यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे २००८ सालचा ३.३.२.१०५ हा ड्रायव्हर टाकणे. चालतो म्हणतात, त्यावर डिजिटल सहीही (फाइल अस्सल, न बदललेली असल्याची खूण) आहे. पण तो कंपनीच्या पानावरून मिळण्याऐवजी कुणाच्या तरी झिपमधून घ्यायचा, आणि पुढच्या विंडोज अपडेटने नवा आणून बसवला की पुन्हा परत फिरवायचा. दर वेळी हे कोण करणार? दिवाणजी?

दुसरं कारण ऑक्टोबरमधलं. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं एका जुन्या फॅक्स मोडेमचा ड्रायव्हर पडून होता, एलटीएमडीएम६४ नावाचा. त्यात सुरक्षेचं भोक निघालं, आणि मोडेम जोडलेला नसला तरी हल्लेखोरांना ते वापरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती न करता ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये तो ड्रायव्हर काढूनच टाकला. सतरा वर्षांचा ड्रायव्हर तीनशे रुपयांच्या केबलीसाठी घरात घ्यायला माझा हात धजेना.

आज दुकानात वजन हातानेच टाकलं. “बाई, काटा बोलून नाही राहिला ना,” असं दिवाणजी सहा वेळा म्हणाले. मोजले मी.

मंगळवार, २ डिसेंबर

संध्याकाळी बर्डी. पहिल्या दुकानात केबल मागितली, चिप कुठली विचारलं. “चिप गिप काय पाहून राहिल्या जी ताई, यूएसबी आहे, लावा न चालवा.” म्हटलं, तुमच्या काउंटरच्या संगणकाला लावून दाखवा. लावली. आयडी पाहिला: ०६७बी, २३०३. तीच जात, फक्त प्लास्टिक निळं. परत दिली. मुलगा माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होता.

दुसऱ्या दुकानात तिसरी केबल १ए८६, ७५२३ निघाली. म्हणजे सीएच३४०. ३२० रुपये. तिथूनच पॅरलल प्रिंटरसाठी यूएसबी केबल घेतली, ५५० रुपये.

दुकानात येऊन लावली. ड्रायव्हर विंडोज अपडेटनेच आणला, कॉम ३ हा पोर्ट क्रमांक मिळाला, त्रिकोण नाही. पुट्टी (पोर्टवरून आलेली अक्षरं दाखवणारा कार्यक्रम) उघडून काट्याकडून काय येतंय ते पाहिलं, तर ९६०० च्या वेगावर कचरा अक्षरं. काट्याचा वेग किती ठेवलाय हे मी जुन्या पीसीवरून लिहूनच घेतलं नव्हतं. तो पुन्हा जोडला, कटकटत चालू व्हायला अकरा मिनिटं, त्यात पाहिलं: २४००. तसं केल्यावर ओळी सरळ यायला लागल्या, २५.३५० किलो, २५.३५०, २५.३५०. भिवापुरी मिरचीचा उघडा कट्टा होता काट्यावर. ठसका लागून मी बाहेर पळाले, पण आकडा बरोबर होता.

जुनं मशीन बंद करायच्या आधी त्याच्या सगळ्या सेटिंगांचे मोबाइलवर फोटो काढा. पोर्ट क्रमांक, वेग, पानाचा आकार, सगळं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

डॉट मॅट्रिक्स. केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजर म्हणतं ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ आणि त्याखाली ‘नो प्रिंटर अटॅच्ड’. घाबरू नका. हा प्रिंटर आपली ओळख सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोर्ट तयार झालेला असतो. हाताने प्रिंटर जोडायचा, पोर्ट यूएसबी००२ निवडायचा, उत्पादकात ‘जेनेरिक’ आणि प्रिंटर ‘टेक्स्ट ओन्ली’. विंडोजच्या पोटातलाच ड्रायव्हर, कुठून काही आणायचं नाही. आधी यूएसबी००१ निवडला होता, तो लेझरजेटचा. लेझरजेटने शांतपणे एक कोरं पान बाहेर टाकलं.

दोन अडचणी आल्या. बिलावरचं दुकानाचं देवनागरी नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन आलं, कारण या ड्रायव्हरला नुसती इंग्रजी अक्षरं कळतात. अर्धा तास डोकं खाजवल्यावर मामांनी कागद पुढे केला: नाव तर कागदावर आधीच छापलेलं आहे! सॉफ्टवेअरमधून ती ओळ काढून टाकली.

दुसरी अडचण कागदाची. आमचं बिल अर्ध्या फॉर्मचं, १० बाय ६ इंच. ड्रायव्हर पान ए४ समजतो, म्हणून दर बिलामागे पुढचा फॉर्म जवळपास अख्खा वाया. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म बनवला, त्याला नाव दिलं ‘मामाबिल’, तो प्रिंटरला लावला. एकंदर तेवीस फॉर्म फुकट गेले. मामांनी ते गोळा करून पाठकोऱ्या कागदांत ठेवले.

रविवार, ७ डिसेंबर

स्कॅनरने मात्र दमवलं.

लाइड २० चा ६४ बिटी ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नाही. विंडोज ११ मध्ये ३२ बिटी आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी ड्रायव्हर चढत नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ वगैरे कार्यक्रमांसाठी असतं, इथे त्याचा काही उपयोग नाही. मी तरी करून पाहिलं. वीस मिनिटं.

मग ती प्रसिद्ध युक्ती वाचली. त्याच घराण्यातल्या थोड्या नव्या स्कॅनरचा ६४ बिटी ड्रायव्हर घ्यायचा आणि आयएनएफ फाइलमध्ये आपला २२०डी घुसवायचा. ओळ बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. पण आयएनएफमध्ये एक अक्षर बदललं की सोबतच्या कॅटलॉग फाइलमधली सही मोडते. मग पुढची पायरी येते: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्ज, ७ दाबा, सहीची तपासणी बंद. काही जण तर सिक्युअर बूट बंद करून कायमचा टेस्ट मोड चालू ठेवायला सांगतात. पावत्या स्कॅन करायला अख्ख्या घराचं कुलूप काढून ठेवायचं? सातच्या पायरीवर लॅपटॉप मिटला.

आभासी मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) विंडोज एक्सपी, हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या चालतो. पण एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपलाय, आणि दिवाणजींना खिडकीच्या आत खिडकी समजावून सांगायची माझी तयारी नाही. व्ह्यूस्कॅन हे विकतचं सॉफ्टवेअर असे जुने स्कॅनर चालवतं, कायदेशीर आणि नीट मार्ग आहे. नवा स्कॅनर घ्यायचा तर तोही मार्ग आहेच. मामांनी किंमत ऐकून विषय हळदीकडे वळवला.

राहता राहिला तो जुना पीसी. कोअर टू ड्युओ, ४ जीबी. हार्डडिस्क मरतेय, पण बाकी जिवंत. घरी १२० जीबीची एक एसएसडी पडून आहे.

बुधवार, १० डिसेंबर

काम शून्य. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, बर्डीकडून इतवारीला यायला नेहमीच्या दुप्पट वेळ. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली आणि फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळायची अक्षरांची ओळ) साइटवरच्या हॅशशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. २२ तारखेनंतर ही सवय आपोआप लागली.

शनिवार, १३ डिसेंबर

जुना पीसी उघडला. आत मिरचीपूड. पंख्यावर, रॅमवर, सगळीकडे लाल थर. तोंडाला ओढणी बांधून गच्चीवर नेऊन ब्रशने साफ केला, तरी संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरत होते.

एसएसडी बसवली, मिंट टाकलं, स्कॅनर लावला. टर्मिनलमध्ये विचारलं, स्कॅनर दिसतोय का? एका ओळीत उत्तर: प्लसटेक, कॅनन, लाइड २०. लिनक्सवर स्कॅनरांसाठी सेन नावाचा मुक्त प्रकल्प आहे, त्यातच याचा ड्रायव्हर मिंटबरोबर येतो. मी एकही फाइल उतरवली नाही.

आनंद दीड मिनिट टिकला. ‘स्कॅन’ दाबलं तर कर्रर्र आवाज, आणि चूक. तार बदलली. पोर्ट बदलला. मागच्याऐवजी पुढचा, पुढच्याऐवजी मागचा. यूएसबीतून पुरेशी वीज मिळत नसेल म्हणून स्वतःची वीज असलेला हब आणला. लिनक्सची आवृत्ती बदलू का, इथपर्यंत विचार गेला. दोन तास! शेवटी धूळ पुसायला स्कॅनर उलटा केला आणि तळाशी कुलपाची छोटी कळ दिसली. सामान हलवताना आतली पट्टी सरकू नये म्हणून ती लावतात. लावली होती कुणी? मीच, २२ नोव्हेंबरला, काळजीपूर्वक.

कळ सरकवली. पहिलं पान नीट आलं.

रविवार, १४ डिसेंबर

स्कॅन जुन्या पीसीवर होतात, हव्या असतात नव्यावर. लिनक्सवर एक फोल्डर पासवर्डशिवाय सगळ्यांना खुलं केलं. विंडोज ११ ने नकार दिला: सुरक्षा धोरण ओळख नसलेला प्रवेश अडवतं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीत असे पाहुणे मुळातच बंद आहेत. ते धोरण कसं बंद करायचं हे सांगणारे शंभर जण सापडले. त्याऐवजी सांबामध्ये (लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘दुकान’ नावाचा वापरकर्ता आणि त्याला पासवर्ड, एवढंच केलं. दहा मिनिटं. फोल्डर नव्या पीसीवर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून दिसतो. जुन्या पीसीला इंटरनेट दिलेलं नाही, आठवड्यातून एकदा अपडेटपुरतं मी देते.

सोमवार, २२ डिसेंबर

सकाळी नऊला फोन. “काटा पुन्हा मुका.” हमालाने टेबल पुसताना केबल काढून शेजारच्या भोकात लावली होती. या चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे भोक बदललं की विंडोज तिला नवी समजून नवा क्रमांक देतं. कॉम ३ चं झालं कॉम ५, आणि बिलिंग तर कॉम ३ वरच कान लावून बसलेलं. फोनवरच दिवाणजींना केबल परत जुन्या भोकात लावायला सांगितली. संध्याकाळी जाऊन त्या भोकाला मामींच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि केबलीच्या टोकालाही तसाच.

आतापर्यंत पीसी सोडून खर्च ८७० रुपये. माझे तास २९, त्यातले निम्मे पहिल्या रात्रीचं एक बटण आणि स्कॅनरखालची एक कळ यांनी खाल्ले. मेमरी इंटिग्रिटी चालू आहे, जुळत नसलेल्या ड्रायव्हरांची यादी रिकामी आहे. आकड्यांची चिठ्ठी पीसीच्या तळाला चिकटवली आहे.

एक गोष्ट झाली नाही. स्कॅनरच्या पुढची बटणं लिनक्सवर काम करत नाहीत, स्कॅन पडद्यावरूनच करावं लागतं. दिवाणजी अजून आधी बटण दाबतात, थोडं थांबतात, मग माझ्याकडे बघतात.